काचवाल्याचा शब्द

४ फेब्रुवारी

प्रिय खारू,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून पत्ता तुझ्या वहिनीकडून लिहून घेतला. ती म्हणाली, "अहो, पाकिटावर मी आणि आत तुम्ही, ही फसवणूक झाली." मी म्हटलं, एवढी चालेल.

कामाचं सांगतो. सरांना जाऊन सात वर्षं झाली. आता त्यांची खोली लोकांना बघायला खुली करणार आहेत. टेबल, फळा, खुर्ची, खुंटीवरचा कोट, सगळं होतं तसं. शेजारच्या दालनात त्यांच्या वेळची उपकरणं मांडायची आहेत. नवे विभागप्रमुख स्वतः घरी आले होते. तरुण आहेत, मला काका म्हणतात. "काका, विभागात काच फुंकणारं आता कुणी उरलं नाही. जिराफ उभा करून द्याल का?"

तुझ्या प्रयोगाच्या त्या उंच मानेच्या काचेच्या उपकरणाला जिराफ हे नाव तू ठेवलेलं, ते अजून चालतं. तू गेलीस त्या आठवड्यात मी त्याच्यावर ताडपत्री घातली होती. एकोणीस वर्षांनी ती मीच काढली. एक नळी तडकली आहे, बाकी शाबूत. मी केलेली काच आहे, तिला काय धाड भरली आहे.

पाटीवर त्या उपकरणावर काम केलेल्यांची नावं लिहायची आहेत. तुझं घालू का, एवढंच कळव. सरांनी तुझ्या दोन वर्षांच्या कामाचं काय केलं ते मी विसरलेलो नाही. पण त्यांच्यापुढे माझं काय चालणार होतं? हे मी तेव्हाही तुला म्हणालो होतो.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

दादा

ता. क. दालनाचं काम अजून चालू आहे म्हणून जिराफ सध्या सरांच्या खोलीतच जोडतोय. त्यांची खुर्ची माझ्या पाठीशी येते. पहिल्या दिवशी मी काम करता करता तीनदा वळून पाहिलं. मग खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. दुसऱ्या दिवशी झाडलोट करणाऱ्या मावशींनी ती पुन्हा सरळ केली होती.


१३ फेब्रुवारी

प्रिय खारू,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहितो.

आज तडकलेली नळी बदलली. हात थरथरतील असं वाटलं होतं, पण ज्योत पेटली की हात आपोआप शहाणे होतात. सतराव्या वर्षी लागलो तेव्हापासूनचे आहेत ते. माझं पहिलं काम तुला कधी सांगितलं का? सरांना एक बारीक पेला हवा होता. मी पाच केले, पाचही वाकडे. सहावा घेऊन गेलो तर त्यांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "काचवाले, हाही वाकडाच आहे. पण तुम्ही पाच लपवले नाहीत, टेबलावर मांडून ठेवलेत, ते मी पाहिलं. उद्यापासून या." जगभर ज्यांचं नाव, त्यांनी मला सतराव्या वर्षी अहो-जाहो केलं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, चेष्टा केली असेल.

आई गेल्यावर तुला घरी एकटी कुठे ठेवणार, म्हणून शाळा सुटली की कार्यशाळेत आणायचो. तू नऊ वर्षांची होतीस. सर खाली आले आणि तू त्यांना विचारलंस, "काच घट्ट आहे की पातळ?" मी तुला मागे ओढलं. ते चक्क स्टुलावर बसले. म्हणाले, "मलाही नीट माहीत नाही. तुला काय वाटतं?" त्यानंतर तू आठवडाभर घरातल्या खिडक्या मोजपट्टीने मोजत होतीस, काच खाली ओघळते का बघायला. आपल्या घरात देव्हारा नव्हता, खारू. त्यांचं वर्तमानपत्रातलं चित्र होतं, आरशाच्या कडेला खोचलेलं. मी दाढी करायचो, तू वेणी घालायचीस, आणि ते दोघांकडे बघायचे.

अजूनही बघतात. खोटं वाटेल तुला. आरशात माझ्या खांद्यामागे कुणीतरी उभं असतं. मी वस्तरा थांबवतो. ते काही बोलत नाहीत, फक्त मी उत्तर देण्याची वाट बघतात. बोलायच्या आधी मान जराशी डावीकडे कलवायचे, तसे.

तुझ्या वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "तिथे बसून काम करता ना, म्हणून. खोली बदलून घ्या." खोली बदलून घेतली. दालनाचं काम झालं आहे, परवा जिराफ तिकडे हलवला. पण ते माझ्यामागून तिकडेही आले.

दादा


२४ फेब्रुवारी

खारू,

आज जे लिहितोय ते वहिनीलाही माहीत नाही.

प्रमुख म्हणाले होते, "काका, नुसता उभा दिसला तरी पुरे, चालवायची गरज नाही." तरी मी शुक्रवारी पंप लावला. तोट्यांना नवं ग्रीस दिलं, आतली हवा काढली, दाबाचा काटा तळाला गेला तेव्हा तोटी बंद केली आणि पंपही बंद केला. सोमवारी सकाळी जाऊन पाहिलं. काटा होता तिथेच. केसभरही हलला नव्हता.

तो जोड मी बदललेला नाही. वरच्या मानेचा तो जोड, जो गळतो म्हणून तुझे आकडे रद्द झाले, तो एकोणीस वर्षांपूर्वी मी फुंकला तसाच आहे.

आणि मला आज नवीन काहीच कळलेलं नाही. ही चाचणी मी तेव्हाही केली होती. तीन दिवस. तू आजारी मैत्रिणीकडे गेली होतीस तेव्हा. काटा तेव्हाही हलला नव्हता.

तुला वाटत आलं की मी गप्प बसलो. भित्रा दादा सरांपुढे तोंड उघडू शकला नाही, म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. मी गप्प बसलो नव्हतो. ऐक.

तुझा आकडा सरांच्या नियमात बसत नव्हता. थंड पत्र्याला वायू जितका चिकटायला हवा त्याहून जास्त चिकटत होता. ज्या नियमाने त्यांचं नाव झालं, तोच नियम. पुढच्या आठवड्यात त्यांना परदेशी मोठं व्याख्यान द्यायचं होतं. बाहेरची हवा आत शिरून तीही पत्र्याला चिकटत असेल तर आकडा फुगणारच, हे त्यांच्या डोक्यात आलं. जेवणाच्या सुट्टीनंतर ते कार्यशाळेत आले. एकटे. माझ्या समोर उभे राहिले. चेहरा इतका उतरलेला होता की मला वाटलं, पडतील.

"काचवाले, मानेवरचा जोड गळत असेल का?"

मी म्हटलं, "गळू शकतो, सर."

त्यांनी मान डावीकडे कलवली. "गळू शकतो, की गळतो? नीट आठवून सांगा. तुमच्या बहिणीचं दोन वर्षांचं काम त्यावर आहे."

बघ, त्यांनी तुझं नाव काढलं. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. मी आत गेलो नाही.

"गळतो, सर," मी म्हणालो.

ते म्हणाले, "ठीक. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." आणि निघून गेले.

मी खोटं का बोललो, हे मी स्वतःला एकोणीस वर्षं विचारतोय. त्यांनी सांगितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. मला वाटलं, त्यांना हेच हवंय. देवाला वाईट बातमी कोण देतं? आणि तू तरुण होतीस. तुला पुन्हा करता येईल, ते म्हातारे आहेत, असा हिशोब मी एका क्षणात केला. कुणी करायला सांगितला होता मला?

संध्याकाळी तू खाली आलीस आणि विचारलंस, "दादा, जोड पक्का आहे असं तू तरी सांगायचंस ना?" मी म्हणालो, त्यांच्यापुढे माझं काय चालतं.

पहिल्या पत्रातही मी तेच लिहिलं. सवयीने.

दादा


३ मार्च

खारू,

अजून एक आहे. ते आधीच्या पत्रात लिहायला धीर झाला नाही.

तुला आठवत असेल, तू गेल्यावर सरांनी तुला पत्र पाठवलं होतं, नवा जोड करून घेऊ, प्रयोग पुन्हा मांडू, परत ये. तू त्यांना काय उत्तर दिलंस ते मला नंतर कळलं. एका व्याख्यानासाठी तुम्ही खरं गाडून टाकलंत, असं काहीसं. त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही. पण त्यानंतर कार्यशाळेच्या जिन्यावर त्यांचं पाऊल जड झालं. मला खालूनच कळायचं.

पुढे बारा वर्षांनी दूरदेशीच्या दोन संशोधकांनी तोच आकडा काढला. तुझाच. आता पुस्तकांत तो त्या दोघांच्या नावाने आहे, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. सर तेव्हा घरीच असायचे, छातीचं दुखणं होतं. त्यांनी मला बोलावणं धाडलं.

दुपारची वेळ होती. खिडकीशी खुर्ची, पायावर पांघरूण. मांडीवर छापील कागद आणि तुझी जुनी वही. काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या.

"बसा, काचवाले. हे दोन आकडे बघा. एक या लोकांचा, एक तुमच्या बहिणीचा."

मी बघितल्यासारखं केलं.

"आता दोनच शक्यता. एक, गळतीमुळे तिचा आकडा चुकला आणि चुकून बरोबर जागी येऊन पडला. दुसरी, जोड गळत नव्हता. योगायोगावर माझा विश्वास नाही. तुमच्यावर आहे. म्हणून पुन्हा विचारतो, आणि खरं काहीही असलं तरी मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. जोड गळत होता का?"

दमले होते. वाक्य संपेपर्यंत दोनदा थांबले. आणि खारू, त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी त्या वेळी ओळखलं नाही. मला वाटलं, भीती आहे. भीती नव्हती. आशा होती. मी "नव्हता" म्हणावं असं त्यांना हवं होतं. मग त्यांनी त्याच संध्याकाळी तुला लिहिलं असतं.

मी म्हणालो, "गळत होता, सर."

त्यांनी वही मिटली. तिच्यावर हात ठेवला. मग हसले आणि म्हणाले, "मग योगायोगच. आयुष्यात एकदा मानायला हरकत नाही. चहा निवतोय तुमचा."

चार महिन्यांनी गेले.

पहिल्या खोट्याला मी कारण शोधू शकतो. दुसऱ्याला नाही. ज्या माणसाचं चित्र मी आरशात खोचलं होतं, त्याने मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी त्या माणसाशी बोललोच नाही, चित्राशी बोललो. म्हणून आता चित्र उरलंय. ते विचारतं आणि मी वस्तरा धरून उभा राहतो. काल गालाला इतकं कापलं की वहिनीने दार ठोठावलं. तिला सगळं सांगितलं. तिने माझ्या गालावर फडकं दाबून धरलं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी काय त्यांची कोण लागते? काकू अजून आहेत ना?"

दादा


१८ मार्च

खारू,

काकूंकडे जाऊन आलो.

त्या शहाऐंशीच्या आहेत. दिसत कमी आहे पण पावलावरून ओळखलं मला. "ये रे, बस. किती वर्षांनी आलास. गुडघे दुखतात ना? आवाज येतोय." सतराव्या वर्षापासून त्या मला तू म्हणतात. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरुवात झाली नसती.

त्या रडल्या नाहीत. हात चाचपत खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "त्यांना चूक सापडली की ते लहान मुलासारखे खूश व्हायचे. चूक म्हणजे पुढचं काम. तुझ्या बहिणीची माफी मागायला ते काठी टेकत तिच्या दारी गेले असते. आणि येताना नाचत आले असते."

मग त्या तुझ्या पत्राकडे वळल्या.

"तिचं ते पत्र वाचून महिनाभर त्यांना जेवण गेलं नाही. म्हणायचे, मुलीला वाटतं मी खोटा आहे, आणि मी खोटा नाही हे तिला कसं पटवू? माझ्याकडे फक्त काचवाल्याचा शब्द आहे. तो तिच्यापुढे टाकून भावंडांत वितुष्ट कशाला आणू?"

मग आतून चहा आला. त्यांनी कप माझ्या दिशेने सरकवला.

"एवढा घ्या," त्या म्हणाल्या. "पुन्हा येऊ नका."

मला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो केलं. चहा मी प्यायलो. गरम होता, तोंड भाजलं, तरी थांबलो नाही.

तिथून प्रमुखांकडे गेलो. ते म्हणाले, "काका, आता हे कशाला? उद्घाटन चार दिवसांवर आहे. तुम्ही वयाने मोठे, विसरलाही असाल." त्यांना मी जिराफापाशी नेलं, हवा काढून तोटी बंद केली आणि म्हटलं, उद्या याच वेळी काटा बघा. दुसऱ्या दिवशी ते आले, काटा बघितला आणि खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "कार्यक्रमात तुमच्या आठवणींसाठी पाच मिनिटं ठेवली आहेत. ती तुमचीच आहेत."

त्या पाच मिनिटांत मी सांगितलं. समोर दोनशे माणसं होती. सरांचे जुने विद्यार्थी पहिल्या रांगेत. तुझं नाव घेतलं, तुझा आकडा सांगितला, तारीख सांगितली. म्हटलं, सरांनी दोनदा खरं विचारलं आणि मी दोन्ही वेळा खोटं बोललो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी ओरडलंही नाही. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठून बाहेर गेले. मागून एका विद्यार्थिनीने हात वर केला. "काका, पण तुम्ही खोटं का बोललात?"

मी म्हटलं, "ते थकलेले दिसत होते."

ऐकायला किती हलकं वाटलं ते. एकोणीस वर्षांचं ओझं आणि एवढंच वाक्य निघालं त्यातून. मुलगी अजून उभीच होती, पुढे काही येईल म्हणून. माझ्याकडे पुढे काही नव्हतं. मी खाली उतरलो.

पाटी बदलली. तुझी परवानगी न घेता नाव घातलं आहे. त्यासाठी तुला राग धरायचा असेल तर तोही धर, जागा आहे.

आरशातलं गेलेलं नाही. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की जाईल. वहिनी म्हणाली, "जाईल कशाला? तुम्ही त्याला पाव्हणा समजता होय?"

दादा


२ एप्रिल

दादा,

वहिनीचं अक्षर म्हणून पहिलं पाकीट फोडलं. दोन ओळी वाचून कपाटात टाकलं. पुढची तशीच त्याच्यावर ठेवत गेले. मग विभागातून प्रमुखांचं पत्र आलं, पाटीच्या फोटोसकट. तेव्हा सगळी काढून तारखेने लावली आणि एका बैठकीत वाचली.

तुला वाटतं तू माझं काम घेतलंस. काम गेलं ते गेलं. आकडा खरा होता हे मला तेव्हाही माहीत होतं, त्या दोघांचं छापून आलं तेव्हाही. त्याचं दुःख मी करून संपवलं आहे.

सर माझेही होते, दादा. मी नऊ वर्षांची असल्यापासून. मला वाटलं, त्यांनी मला एका व्याख्यानासाठी फेकून दिलं. इथे मी शाळेत शिकवते. आठवीच्या पुस्तकात त्यांचा फोटो आहे. एकोणीस वर्षं ते पान आलं की मी मुलांना म्हणते, हे घरी वाचा, पुढचं पान काढा. ते आजारी आहेत हे कळलं होतं. गेले हेही कळलं. मी त्या दिवशी तासाला उभी राहून दाबाचं गणित सोडवलं आणि मला काहीही झालं नाही. काहीही झालं नाही याचा मला अभिमान वाटला होता. आता त्या दिवसाचं मी काय करू? त्यांना लिहिलेल्या त्या पत्राचं काय करू? ते तू घेतलंस माझ्याकडून. माझे सर घेतलेस.

तुला माफ केलं असं समजू नकोस. येऊही नकोस. मी सांगेपर्यंत फोनही नको.

काल ते पान आलं. मी पुढे गेले नाही. एका मुलीने विचारलं, मॅडम, तुम्ही यांना बघितलंय? मी म्हटलं, हो, बघितलंय. मग सगळा वर्ग सरसावून बसला आणि मी गप्प झाले. कारण मला जे सर माहीत आहेत ते मी सव्वीस वर्षांची होते तिथे थांबतात. त्यापुढची बारा वर्षं तुझ्याकडे आहेत.

ती लिही. मी गेल्यावर माझ्या टेबलावर त्यांनी कुणाला बसवलं. जिन्यावर कधीपासून थांबायला लागले. काठी कधी आली. वर्गात विसरायला लागले का. शेवटी वही मिटली त्याआधी कोणतं पान उघडं होतं. एका वेळी एकच दिवस लिही, घाई नको. त्यांना मोठं करू नकोस आणि स्वतःला मारूनही घेऊ नकोस, दोन्ही वाचायला मला वेळ नाही.

आणि आठवत नसेल तिथे, आठवत नाही असं लिही.

खारू